ठाकूरद्वारचं स्थळ

मुंबईतल्या एकूण एक भटक्या कुत्र्यांना माझ्या बायकोच्या आत्यांचा फोन नंबर तोंडपाठ आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. एरवी असं होईलच कसं, की आत्या लालबागच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पहिला घास तोंडाशी नेतात आणि नेमका तेव्हाच परळच्या कुठल्याशा गॅरेजमागे एका कुत्र्याच्या पायात खिळा घुसतो? मधे माणसं फोन करतात ती आपली औपचारिकता. आता तर घास उचलला की आत्या आधी फोनकडे बघतात, आणि फोनही त्यांची वाट बघत असल्यासारखा वाजतो. पलीकडचा सांगतो, "मॅडम, इथे एक कुत्रा आहे." आत्या विचारतात, कसा आहे. तो जरा विचार करून म्हणतो, "कुत्र्यासारखाच आहे." एवढ्या वर्णनावर त्या जेवण झाकून निघतात आणि गंमत म्हणजे तोच कुत्रा शोधून आणतात.

फोनशी त्यांचं नातं जुनं. जन्मभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. ट्रंक कॉल लावायचा, दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की आपण लाइनवरून बाहेर पडायचं, आणि वेळ भरली की मध्ये शिरून सांगायचं, 'तीन मिनिटं झाली.' पुढे ट्रंक कॉल गेले, ती यंत्रं भंगारात गेली, आत्या रिटायर झाल्या, पण तीन मिनिटं काही त्यांच्या अंगातून गेली नाहीत. 'तीन मिनिटं झाली' म्हटल्यावर त्या कोणाचं ऐकत नाहीत. आमच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना मागून खणखणीत आवाज आला, "तीन मिनिटं झाली," आणि भटजींनी दचकून अंतरपाटच सोडला. आमचं लग्न असं मुहूर्ताच्या आधी लागलं. संसारात पुढे जे जे बिघडलं ते मी बिनदिक्कत त्या चुकलेल्या मुहूर्तावर ढकलत आलो आहे.

या आवाजाच्या जोरावर त्यांनी कुत्र्यांना वाचवणारी एक संस्था उभी केली. संस्था म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप, दोन जुन्या चादरी, एक वेताची मोठी टोपली आणि मी. ग्रुपवर दीडशे माणसं आहेत. 'पुलाखाली जखमी कुत्रा, गाडीवाल्याने लगेच यावे,' असं आत्यांनी टाकलं की एकशे सत्तेचाळीस जण हात जोडतात, एक जण रडतो, एक जण 'कोणता पूल?' असं विचारून गप्प बसतो. उरलो मी. माझ्याकडे गाडी नाही, धाडस तर नाहीच नाही, पण बायको त्यांची भाची पडली. शिवाय आत्या मला अहो-जाहो करतात. "जावईबापू, तुम्ही तोंड धरा, मी मागचे पाय बघते," हे त्या इतक्या अदबीने म्हणतात, की तोंडाच्या बाजूला दात असतात हे चावल्यावरच लक्षात येतं. जावयाचा मान म्हणून ती बाजू कायम माझ्याकडे.

एकदा एप्रिलात, सगळ्या लालबागचा वर्षाचा मसाला कुटला जात असताना, कानाला जखम झालेला एक तांबडा कुत्रा आमच्या हातून निसटून थेट मिरची गल्लीत शिरला. मागे आत्या, आत्यांमागे चादर घेऊन मी. दहा पावलांत कुत्रा शिंकायला लागला. मग आत्या, मग मी, मग दुकानदार, मग मिरची कुटणाऱ्या डंकावरची माणसं. अख्खी गल्ली एका तालात शिंकत होती. अकराव्या शिंकेला कुत्रा दमून खाली बसला आणि आत्यांनी डोळे मिटूनच चादर टाकली. चादर उघडली तेव्हा आत कुत्रा, दोन किलो बेडगी मिरची आणि एक गिऱ्हाईक निघालं. गिऱ्हाईक त्यांनी सन्मानाने परत केलं. तेव्हापासून कुठलाही हट्टी कुत्रा असला की त्या माझ्या कानात सांगतात, "गल्लीकडे वळवा."

कुत्रा जिथे सापडला ते त्याचं नाव, ही त्यांची पद्धत. त्यामुळे माटुंग्याला जुलाब होतात, भायखळ्याचे टाके काढायचे असतात आणि दादरला पिल्लं होतात. माणसांशी अगदी नेटकं बोलणाऱ्या आत्या कुत्र्यांशी मात्र फक्त मालवणीत बोलतात. "काय रे, खंय होतंस? जेवलंस काय?" असं त्यांनी विचारलं की गुजराती दुकानाच्या पायरीवर वाढलेला कुत्रासुद्धा सावंतवाडीहून आल्यासारखा शेपूट हलवतो.

पण आत्यांचं खरं रूप बघायचं ते कुत्र्याला घर शोधताना. कुत्रा मागायला कोणी आलं की त्याला त्या 'स्थळ' म्हणतात. आत्या स्वतः जन्मभर बिनलग्नाच्या. त्यांच्या तरुणपणी सतरा घरची माणसं पोहे खाऊन, कोणी उंची काढून, कोणी रंग काढून, कोणी 'कळवतो' म्हणून निघून गेली होती. हे त्या मजेत सांगतात. "सतरा वेळा मला बघून गेले, जावईबापू. आता मी बघते." आणि काय बघतात. स्थळाच्या घरी जाऊन हातात कागद घेऊन बसतात. गणपतीत ढोल वाजायला लागले की घरात कोण असतं? उष्टं ताट कुठे ठेवता? सोफा कापडी की रेक्झिनचा? कोणी पोह्यांची बशी पुढे केली तर ती हात न लावता परत, कारण पोहे खाल्ले की माणूस मिंधा होतो. पसंत पडलं तर कुत्रा द्यायचा, आणि दिल्यावर सव्वा महिना ज्याने सांभाळला त्याने तिकडे फिरकायचं नाही. नवीन घरात जीव रुळू द्यायचा. हा नियम म्हणजे दगडावरची रेघ. ग्रुपमधला एक मोठा बँक ऑफिसर चौथ्याच दिवशी गॅसचा माणूस बनून आपल्या पिल्लाला बघायला गेला, तर आत्यांनी त्याला महिनाभर ग्रुपमधून काढून टाकलं होतं. माणूस रडला. आत्या म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली."

अशा या आत्यांचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी साफ संपले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलायचे. लवकर केलं नाही तर जिना कायमचा बंद. त्यानंतर कित्येक महिने घरात कुत्रा नको, कारण चाकाच्या वॉकरसमोर एखादा आडवा आला तर नवीन गुडघेही जायचे. आत्यांनी मान हलवली आणि खोलीतल्या कुत्र्यांना स्थळं बघायला घेतली. दोन महिन्यांत सगळी गेली. राहिला एकच, ठाकूरद्वार.

ठाकूरद्वार हा आत्यांचा पहिला कुत्रा. बारा वर्षांपूर्वी त्या तिकडे देवदर्शनाला गेल्या आणि येताना टॅक्सीत मांडीवर हा. संस्था झाली ती त्याच्यामुळे. एक डोळा गेलेला, मागचा एक पाय नुसता नावाला, आणि अंगावरचे केस कोणीतरी घाईघाईत चिकटवल्यासारखे. त्याला झोप लागते ती फक्त आत्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून. तो उठेपर्यंत चप्पल काढून घ्यायची नाही, म्हणून आत्या कित्येकदा एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात शेजारणीची घालून बाहेर पडलेल्या मी बघितल्या आहेत.

आता एवढ्या देखण्या कुत्र्याला स्थळं येणं कठीण. तरी ग्रुपवर फोटो फिरला आणि आश्चर्य म्हणजे आली. आत्यांनी एकेक करून सगळी नाकारली. माटुंग्याचं घर छान होतं, पण दारातल्या चपला फार सरळ रेषेत होत्या. अशा घरात कुत्रं मोकळं राहत नाही. दादरच्या जोडप्याला नाव बदलून ऑरिओ ठेवायचं होतं. आत्यांनी विचारलं, या वयात त्याचं नाव बदलून लग्न लावायचं आहे का? शेवटी आम्हीच म्हटलं, आम्ही घेतो. आत्या आमच्याकडे कागद घेऊन आल्या, मला परक्यासारखे सगळे प्रश्न विचारले, पोहे परत केले आणि म्हणाल्या, "माणसं चांगली आहात. पण दिवसभर दोघं बाहेर, आणि चौथा मजला. तीन पायांवर तो कसा चढेल? नापास."

ऑपरेशनची तारीख एकदा पुढे गेली, दोनदा गेली. आत्या जिना बसून उतरायला लागल्या. एका दुपारी बायकोने, एरवी आत्यांपुढे ब्र न काढणारीने, सरळ म्हटलं, "आत्या, तू स्थळं नाकारत नाहीयेस. तुला तो द्यायचाच नाहीये."

 आत्या म्हणाल्या, "फोन वाजतोय," आणि उठून आत गेल्या. फोन माझ्यासमोर टेबलावर होता. वाजत नव्हता.

त्यानंतर आठवडाभराने अँटॉप हिलचं स्थळ आलं. सरकारी वसाहतीत मुलीच्या क्वार्टरमध्ये राहणारे एक आजोबा. तळमजला, मुलगी ऑफिसला, दिवसभर हे एकटे. ठाकूरद्वारला आणि मला घेऊन आत्या तिकडे गेल्या आणि त्यांनी कागद काढला. चपला कशाही पडलेल्या होत्या. सोफा फाटका होता. ढोलांचं विचारलं तर आजोबा म्हणाले, मलाही सोसत नाहीत, दोघं मिळून आतल्या खोलीत बसू. आत्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, मुलीची बदली झाली तर? आजोबा म्हणाले, "सामान मागाहून येईल. हा माझ्याबरोबर पुढे जाईल."

मग त्यांनी शांतपणे खिशातून एक कागद काढला. आत्यांची मुद्रा तेव्हा बघण्यासारखी झाली. स्थळाने उलट कागद काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. आजोबांनी विचारलं, तो कशाला घाबरतो? दुखतं तेव्हा कसा सांगतो? कुठल्या कुशीवर झोपतो? आत्या भराभर उत्तरं देत गेल्या. शेवटचा प्रश्न वाचण्याआधी आजोबांनी चष्मा पुसला.

"तुमच्याशिवाय राहील ना?"

आत्यांनी ठाकूरद्वारकडे बघितलं. तो दारात काढलेल्या माझ्या बुटाची लेस चावत होता. आत्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार." मग समोरची पोह्यांची बशी उचलली आणि पहिल्या चमच्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत सगळी संपवली. ज्यांना ती पद्धत माहीत आहे त्यांना कळलं, होकार झाला. त्या शनिवारी आम्ही ठाकूरद्वारला अँटॉप हिलला पोचवलं. गोधडी, औषधं, आणि आत्यांची एक जुनी चप्पल बरोबर दिली. निघताना त्या त्याच्याशी मालवणीत काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी मला फोन आला. "जावईबापू, अँटॉप हिलला भाजी फार चांगली मिळते म्हणे." आत्यांच्या चाळीखाली अख्खा बाजार भरतो. मी टॅक्सी घेऊन लालबागला गेलो. वसाहतीच्या फाटकासमोर एक भाजीची गाडी होती. तिच्याआड, लाल माठाच्या जुड्यांच्या मागे, गाडीला धरून आत्या उभ्या राहिल्या. सव्वा महिन्याचा नियम कोणी केला हा विषय मी काढला नाही. मला माझं ग्रुपमधलं स्थान प्रिय आहे.

समोर आजोबा पायरीशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पायाशी ठाकूरद्वार. आत्यांची जुनी चप्पल तिथेच होती, त्याच्या शेपटीकडे. हनुवटी मात्र आजोबांच्या चपलेवर. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. त्याने एकदम मान वर केली, नाक हलवलं, एका डोळ्याने सगळा रस्ता धुंडाळला. आत्यांनी माझं मनगट पकडलं. त्याची शेपूट दोनदा जमिनीवर आपटली. मग त्याने एक लांब उसासा सोडला आणि हनुवटी परत होती तिथे टेकवली.

भाजीवाल्याने दोनदा विचारलं काय देऊ. आत्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या.

"वाढवून घ्या की," मी म्हटलं.

"नको. त्यांची लाइन लागली."

आम्ही एक नवलकोल घेऊन टॅक्सीत बसलो. आत्यांनी पर्समधून फोन काढला आणि डॉक्टरांकडून पुढच्या सोमवारची तारीख घेतली. बोलणं मिनिटभरात संपलं. उरलेली दोन मिनिटं त्यांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.