घुबड बोलले, कोणी मेले नाही

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी कुणकेश्वराच्या अलीकडच्या एका गावात तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. मुलं गाय आणि दिवाळी यांवर एकसारखीच पाच वाक्यं लिहीत. कंटाळून मी एकदा फळ्यावर लिहिलं, ‘रात्री फिरणारे प्राणी’. प्राणी कसा दिसतो, कुठे राहतो, काय खातो आणि काय करतो, एवढंच लिहायचं. गोष्ट नको, खरी माहिती हवी.

पाट्या आल्या. एकीवर होतं, ‘वटवाघूळ उलटे लटकते कारण त्याने मागच्या जन्मी आईला उलट उत्तर दिले.’ दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘घुबड बोलले की माणूस मरतो.’

“हे तू पाहिलंस?” मी विचारलं.

“होय तर! माझी आजी मेली, त्याच्या आदल्या राती घुबड बोललां. मी आयकलंय.”

“आणि ते बोललं पण कोणी मेलं नाही, असं कधी झालं?”

ती विचारात पडली. “ता कोणी बघूकच नाय, बाई.”

“मग तू बघ,” मी म्हटलं आणि विसरून गेले.

आठवडाभरात तिची आई शाळेच्या पायरीवर उभी. “बाई, माझ्या चेडवाक काय शिकवतास तुमी? घुबड बोललां काय ह्यां उठता आणि सगळ्यांच्या नाकाकडे हात धरून श्वास बघता! काल माझ्या सासऱ्यांका जाग इली. त्यांनी इचारल्यानी, ‘काय गो, कोण मेलां?’ तर म्हणता, ‘अजून कोण नाय!’”

मला हसू आवरेना. ‘अभ्यास करतेय ती,’ एवढंच कसंबसं म्हटलं. “असलो कसलो अभ्यास!” म्हणून ती पदर खोचत निघून गेली.

अशात शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. ते आदल्या संध्याकाळी येऊन खोताच्या घरी उतरले होते. सकाळी वर्गात आले तेव्हा डोळे लाल आणि चेहरा ओढलेला. प्राण्यांची माहिती ऐकतो म्हणाले. हेडमास्तरांनी नेमकं त्याच मुलीला उभं केलं. तिने खड्या आवाजात वाचलं:

“घुबड तपकिरी असते. ते खोताच्या आंब्यावर राहते. ते पुष्कळ रात्री बोलते. आमच्या घरात कोणी मेले नाही. काल ते खोताच्या कौलांवर बसून बोलले. तिथे दिपोटी साहेब झोपले होते. ते सकाळी जिवंत होते.”

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. माझी नोकरी गेली, असंच मला वाटलं.

साहेबांनी पाटी हातात घेऊन पुन्हा वाचली. “मी जिवंत आहे, हे तुला कसं कळलं?”

“तुमी पडवीत चाय पियत होतास. मी दगडी गडग्यावरसून बघलंय.”

साहेब असे हसले की टोपी हातात घ्यावी लागली. साहेब हसल्यावर हेडमास्तरही हसले. मग साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “खरं सांगतो बाई, त्या आवाजाने रात्रभर डोळा लागला नाही. घरच्या सगळ्यांची आठवण काढून झाली.” आणि मुलीला म्हणाले, “माहिती चांगली आहे. पण घुबड खातं काय, ते राहिलं.”

“ता बघूक आये सोडत नाय,” ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी आईच पुन्हा आली. या वेळी हातात केळीच्या पानाची पुडी. आत केसांचा एक सुकलेला गोळा, त्यात बारीक हाडं.

“आंब्याखाली गावलो. चेडू म्हणता, घुबड उंदीर गिळता आणि हाडां ओकता. बाईंका दाखव म्हणान मागे लागलां.” तिने पुडी माझ्या टेबलावर ठेवली. “कणगीतला भात नासतत मेले उंदीर. खाऊं दी तेका पोटभर. बोलूं दी काय बोलता ता.”

मुलीने पाटीवर शेवटचं वाक्य घातलं, ‘घुबड उंदीर खाते.’ हेडमास्तरांनी मात्र ती पुडी टेबलावरून ताबडतोब हलवायला लावली.