ओट्यावरची तूर

जळगावच्या त्या डाळ मिलमध्ये मला घेतलं ते रिपोर्टसाठी. किती तूर आत गेली आणि तिची किती डाळ निघाली, म्हणजे उतारा किती पडला, हे मालकांना रोज सकाळी एका पानावर हवं होतं. मालकांना सगळे भाऊ म्हणत. विकतच्या सॉफ्टवेअरला त्यांनी नकार दिला, तेव्हा मी ओपन सोर्स सुचवलं. ते मोफत मिळतं आणि आतलं सगळं उघडून बघता येतं, एवढं मी कसंबसं बोलले. दिवाणजी नाना हसले. फुकटच्या वस्तूची हमी कोण देणार, असं त्यांनी विचारलं.

मला ते सॉफ्टवेअर आवडायचं, कारण आकडे मोठ्याने वाचावे लागत नसत. इंग्रजी शाळेमुळे सदुसष्ट म्हटलं की मी आजही थबकते. आलेख मात्र न बोलता कळतो.

एका ढगाळ आठवड्यात आलेखाची रेघ धाडकन खाली आली. भाऊंनी पान बघितलं आणि ठरवून टाकलं: ओट्यावर माल वाया जातो, वाळवणी आता यंत्रावर. मागच्या ओट्यावर अक्का आणि आणखी सहा बायका तेल लावलेली तूर उन्हात वाळवत. त्यांचं काम जाणार होतं, आणि ती रेघ मी काढलेली होती.

दुपारी डबा तसाच ठेवून मी ओट्यावर गेले. अक्का पायांनी तूर उलटत होत्या. माल कमी का भरतो, हे विचारायचं धाडस झालं नाही. वाळायला किती दिवस लागतात, एवढंच विचारलं. ऊन असलं तर दोन, नाहीतर चार, म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी ताडपत्रीखालच्या, अजून वाळायच्या सगळ्या राशी दाखवल्या.

"बठ्ठा माल आठेच शे, पोरी. मन्हा पोटमा नही."

प्रत्येक राशीत पत्र्याचा तुकडा खोचलेला होता, त्यावर खडूने लॉटचा नंबर.

मी परत येऊन रिपोर्टचा कोड उघडला. उतारा काढणारी ओळ परदेशातल्या कुणीतरी सगळ्यांसाठी ठेवलेल्या नमुन्यातून मी उचलली होती. तिथे सकाळी आत गेलेला माल संध्याकाळी बाहेर पडत असावा. मीही, आपली तूर ओट्यावर दोन-चार दिवस थांबते हे न धरता, आजच्या डाळीला आजच्या तुरीने भागत बसले होते. लॉट नंबर नानांच्या वहीत पहिल्यापासून होता; बिनकामाचा वाटला म्हणून तो रकाना मीच गाळला होता. तो घेतला, लॉटची तूर त्याच लॉटच्या डाळीशी जोडली आणि पान पुन्हा काढलं. रेघ जवळजवळ सरळ आली.

भाऊंसमोर पान ठेवताना नाना म्हणालेच, "फुकटचं ते फुकटचंच."

"सॉफ्टवेअर बरोबर होतं, नाना. चूक माझी होती."

त्या ऑफिसात एवढं स्पष्ट मी पहिल्यांदाच बोलले. भाऊंनी दोन्ही पानं शेजारी धरून पाहिली. यंत्राचं राहू दे, म्हणाले. ओट्यावर किती माल आहे, तेही रोज लिहीत जा.

म्हणून रोज नंबर टिपायला मी ओट्यावर जाऊ लागले. पण त्या दिवशी आधी डबा घेऊन तिथेच कडेला बसले. पोळ्या वाळून गेल्या होत्या. काय टळलं, हे अक्कांना ठाऊक नव्हतं. तूर उलटता उलटता त्या थांबल्या.

"आते भूक लागनी का?"

मी तोंडात घास असतानाच मान हलवली.