रुसियोंच्या द्राक्षमळ्यात पाण्याची धार

शेतकी खात्यानं द्राक्षबागा पाहायला मला दक्षिण फ्रान्सला पाठवायचं ठरवलं, तेव्हा परभणीच्या घरी आईनं एवढंच विचारलं, "तिथं दारूच करत्यात म्हनं?" माझा थोरला भाऊ दारूनं गेला. थेंबही घेणार नाही, असा मी तिला शब्द दिला.

मुंबईहून बोटीनं मार्सेय, पुढं रेल्वेनं स्पेनच्या सरहद्दीजवळचा रुसियों प्रांत. जाणाऱ्यांनी पाव आणि टोमॅटो बाजारातच घ्यावेत. स्टेशनावर महाग पडतात. शाकाहाऱ्याचं त्यावर भागतं.

मळा डोंगरउतारावर, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर. वेल गुडघ्याएवढे, मांडव नाही. साठीच्या मालकीणबाईंनी मला गच्चीवर नेलं. तिथं काचेच्या मोठमोठ्या बरण्यांत गोड वाइन वर्षभर उन्हात मुरत ठेवतात, आपल्याकडच्या साखरांब्यासारखी. वास मला आवडला. आवडावा का, असं वाटून मी दोन पावलं मागं सरलो.

दुपारी तोडणीची माणसं सावलीत जेवायला बसली. चोचीचं एक काचेचं भांडं हातोहात फिरत होतं. त्याला पोरॉन म्हणतात. ओठ न लावता प्रत्येकजण वरून वाइनची धार तोंडात सोडी. भांडं माझ्यापाशी आलं. मी मान हलवली. हसणं थांबलं. बाईंचा चेहरा पडला.

दुभाषा म्हणून आलेले गावातले मास्तर हळूच म्हणाले, "बाई विचारतात, आमच्या भांड्यातलं चालत नाही का?"

"भांडं चालतं. त्यात पाणी द्या."

"पाणी? ते बेडकांना!" एक मिशाळ गडी ओरडला.

बाईंनी पोरॉन विसळून विहिरीचं पाणी भरलं. उष्टं होऊ नये म्हणून तांब्या उंच धरून प्यायची सवय आपल्याला लहानपणापासूनची. मी हात पार वर नेला. धार तुटली नाही, सदऱ्यावर थेंब नाही. एकच गलका झाला.

"ह्याला परदेशी कोण म्हणतं?" मिशाळ माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला. बाई हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

पण पाण्याला वाइनचा वास होता. बोटीनं परतताना एकच विचार: शब्द मोडला का? घरी आल्यावर जेवताना आईला सगळं सांगून टाकलं.

"पोटात पानीच गेलं न्हवं? मग कशाला उकरायलास?" ती म्हणाली. भाकरी वाढता वाढता थांबली. "तुझ्या दादाला चारचौघांत येवढं पानी मागता आलं न्हाई रं."

मग तिनं भाकरी माझ्या ताटात टाकली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मीही पोटभर जेवलो.