शीतपेटीसाठी

उदगीरला आमच्या गल्लीत बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या अक्का रोज पहाटे किल्ल्याच्या रस्त्यानं पळायच्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर विभूती आणि पायात लेकाचे जुने बूट. पळताना कुणाशी बोलत नसत. दिवसा मात्र दुकानोदुकानी जाऊन सांगत, "लातूरची मॅरेथॉन पळायलेय, अण्णा. गावासाठी मयत ठेवायची थंड पेटी घ्यायची हाय. जमंल तेवढं द्या."

सकाळी भवानीच्या, पहिल्या विक्रीच्या वेळेला असलं अशुभ नको, म्हणून लोक त्यांना वाटेला लावत. त्या रागावत नसत. "बरं, सांजच्याला येते," म्हणत आणि खरंच येत.

मी एकदा विचारलं, "पेटीच का, अक्का?"

"उन्हाळ्यात मयत थांबत न्हाई. मी माहेरी पोचले तवा आईची माती झाली होती," एवढंच म्हणाल्या.

लातूरला त्या सगळ्यांच्या मागं राहिल्या, पण शेवटपर्यंत पळाल्या. काही महिन्यांनी पेटी आली.

ऐन मे महिन्यात माझी आई गेली. बहीण सुरतेहून निघाली होती. अक्का स्वतः पेटी घेऊन आल्या, चालू करून दिली आणि बहीण येईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बहीण पोचली. खांदेकरी ताटकळले होते. कुणीतरी म्हणालं, "आवरा आता, ऊन वाढायलंय."

अक्का उठल्या आणि त्या माणसांच्या आडव्या उभ्या राहिल्या. माझ्या बहिणीला म्हणाल्या, "घाई करू नको, बाई. निवांत बघ."