मंगलताईंचं मोजमाप

मंगल वाघमारे दुकानदाराला "इंटरनेट वापरता का?" असं कधी विचारत नसत. "तुमच्या मालाचा एक फोटो मला पाठवा," म्हणत आणि स्टुलावर बसून वाट पाहत. धाराशिव जिल्ह्यातल्या छोट्या व्यवसायांत मोबाइल, संगणक कुठवर पोचलेत हे मोजणाऱ्या आमच्या चमूच्या त्या प्रमुख. छापील प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, हा त्यांचा अनुभव. "हाय का म्हणून इचारलं की अब्रू आडवी येती," त्या म्हणायच्या.

वाशी तालुक्यातल्या एका खवाभट्टीवर मालकीण काशीबाईंच्या दिरानं परस्पर सांगून टाकलं, की वहिनीकडं भारीतला फोन आहे, हो लिहा. ताईंनी फोटो मागितला. काशीबाईंनी फोनच ताईंपुढं धरला. फोन त्यांच्या नवऱ्याचा. तो वारल्यापासून त्या रोज चार्ज करत. आलेला कॉल उचलता येई, पण कुलूप उघडायची खूण त्याच्यासोबतच गेली होती. पेढेवाल्यांच्या मागण्या व्हॉट्सॲपवर येऊन तशाच पडत. गिऱ्हाइकं तुटत होती आणि भट्टी आता दिवसाआड पेटत होती.

"मोबाइलचा दुकानवाला उघडून देतो म्हन्ला," काशीबाई म्हणाल्या, "पर आतलं समदं पुसंल म्हन्ला. त्यांचं फोटू हायेत आत."

फोटोंवर भट्टी चालत नाही, असं दीर बोलून गेला. ताईंनी त्याला चहा सांगायला पाठवलं.

"फोन हाय तसाच ठिवा," त्या काशीबाईंना म्हणाल्या. "कार्ड तेवढं काढू."

सिमकार्ड त्यांनी पर्समधल्या स्वतःच्या जुन्या फोनमध्ये घातलं, निरोप वाचायला आणि पाठवायला शिकवलं, आणि तो फोन तिथंच ठेवून आल्या. पाहणीच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणात काशीबाईंचं नाव लागेल.

पाहणी संपली. तरी दर सोमवारी ताई काशीबाईंना मागणी पाठवत: पाव किलो खवा. उत्तरादाखल खव्याचा फोटो येई, बहुतेक वेळा अंगठ्यासकट. खवा एसटीनं यायचा आणि कचेरीत आम्हीच संपवायचो, कारण ताईंना मधुमेह होता. काशीबाईंना आता चांगलं जमतंय, पेढेवालेही परतलेत, असं मी एकदा म्हणालो.

"जमतंय की," ताई म्हणाल्या. "पर मला बी आता सवय लागली."

एका रविवारी पहाटे ताई झोपेतच गेल्या. मंगळवारी आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. दारात काशीबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणीच कळवलं नव्हतं.

"काल निरोप आला न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून बघाय आले."