चहा, भात, तवा

सूंऽऽ... असा एक बारीक आवाज अजून माझ्या कानात आहे. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात मी बॉयलरवर होतो. बॉयलर जास्त तापला की कुठल्याशा फटीतून आधी तो आवाज यायचा, काटा नंतर हलायचा. पुष्कळ वर्षं ऐकला. मग कारखानाच बंद झाला. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं काय करणार?

पुढं मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, गोपसेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात झाडलोट करायला लागलो. तिथं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. कुठलंही मशीन उघडून परत बंद केलं की एखादा स्क्रू हमखास उरायचा. तो त्या डब्यात टाकायचा. कुठून निघाला ते कुणाला माहीत नसतं, पण फेकवतही नाही. किस्से असेच साठतात. डबा बराच भरलाय. थोडा ओततो.

*

गोपसेठ सिंधी माणूस. मनानं चांगला, पण तोंड म्हणून बंद नाही. गिऱ्हाईक नसलं तर पंख्याशी बोलायचा. त्याच्याकडं विलास नावाचा मेकॅनिक होता, बदलापूरच्या शिरगावातला. हुशार पोरगा, नुकतं लग्न झालेलं.

तेव्हा गेम खेळणाऱ्यांना आणि लग्नाचे अल्बम करणाऱ्यांना ग्राफिक्स कार्ड लागायचं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली एक पाटी. पडद्यावरची चित्रं तिच्या जोरावर हलतात. ती फार तापते, म्हणून तिच्यावर छोटा पंखा असतो. नवं कार्ड आलं की विलास ते तासभर जोरात चालवून बघायचा. टिकलं तर गिऱ्हाइकाला, नाही तर परत.

एकदा मी झाडू मारत होतो आणि कानात आलं, सूंऽऽ.

"विलास, बंद कर ते," मी म्हणालो.

"काका, तुम्ही कोपरा झाडा ना."

मी कोपरा झाडला. दोन मिनिटांत फट्कन आवाज झाला आणि कार्डावरच्या एका बारक्या डबीचं टोपण उडून सेठच्या चहात पडलं!

सेठ चहाकडं बघत राहिला. "काका, तुमको कैसे मालूम?"

"आमचा बॉयलर असाच रडायचा."

सेठनं माझ्या हातातला झाडू घेतला आणि विलासच्या हातात दिला!

*

झाडू दुसऱ्या दिवशी परत माझ्याकडं आला म्हणा. पण त्याच्याबरोबर एक स्टूलही आलं. "आज से काका टेस्टिंग में," सेठ म्हणाला.

माझं काम एवढंच. कार्ड तासभर चाललं की वरच्या धातूच्या पट्ट्यांवर बोट ठेवायचं आणि किती तापलंय ते सांगायचं. आता मला डिग्री काय सांगता येणार? मी माझ्या परीनं सांगायचो. बोट ठेवून गप्पा मारता आल्या तर 'चहा', म्हणजे गरम पेला धरल्यासारखं. शीत दाबून बघताना जसं बोट लावून लगेच उचलतो, तसं झालं तर 'भात'. आणि बोट टेकायच्या आधीच हात मागं आला तर 'तवा'. चहा विकायचा, भात पंखा साफ करून परत तपासायचा, तवा परत पाठवायचा.

विलास आधी हसला. मग त्यानं कॉम्प्युटरवरचे आकडे आणि माझे चहा-भात आठ दिवस शेजारी शेजारी लिहिले. नवव्या दिवशी हसायचा थांबला. तो पुढं बिलावरही तसंच लिहायला लागला.

एक दिवस कॅम्प एकमधून एका गिऱ्हाइकाचा फोन. "भाई, मैंने बाजार में सब जगह पूछा. ये 'भात' कौनसी कंपनी है?"

सेठनं श्वाससुद्धा घेतला नाही. "इम्पोर्टेड है साईं!"

*

कार्ड तापवायला विलासकडं एक प्रोग्राम होता. पडद्यावर एक गोल, मध्ये भोक असलेली वस्तू नुसती फिरत राहायची. अगदी मेदूवडा. पण त्या वड्याला अंगभर केस होते! कुणी केला आणि का, देव जाणे. विलास म्हणायचा, केस हलवायला कार्डाला फार कष्ट पडतात.

एकदा एक आजी नातवाबरोबर आल्या. नातू बाहेर मोबाईलवर बोलत होता. आजी वड्यासमोर बसल्या. अर्धा तास गेला.

"ह्याचं पुढं काय होतं?" आजींनी विचारलं.

"काही नाही आजी. फिरतो."

"मग तुम्ही बघत काय बसता?"

"दमतो का ते बघतो."

आजींना ते पटलं. त्यांनी पदर सावरला आणि त्याही बघत बसल्या. थोड्या वेळानं एकदम ओरडल्या, "अगं बाई! ह्याला देवी आल्या!"

बघतो तर खरंच. वड्यावर बारीक बारीक रंगीत ठिपके उठले होते. कार्डाची मेमरी खराब असली की तसं होतं, पण आमच्या आधी आजींनी पकडलं. विलासनं मशीन बंद केलं.

नातू आत आला. "काय झालं आजी?"

"हे नको घेऊ. अंगावर उठलंय. दुसरं बघ, आणि केस नसलेलं बघ."

तेव्हापासून आमच्याकडं खराब मेमरीला दुसरा शब्दच नव्हता. कंपनीच्या माणसाला फोन करून विलास खुशाल सांगायचा, "तुमच्या तीन कार्डांना देवी आल्यात."

*

आता लोडशेडिंगचा एक. सेठचा नियम होता, तास म्हणजे तास. मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या वर्षांत लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता.

बदलापूरचे एक मास्तर मुलासाठी कार्ड घ्यायला आले. पहिल्या दिवशी चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली. दुसऱ्या दिवशी एकावन्नाव्या. तिसऱ्या दिवशी मास्तर डबा घेऊन आले, दुकानातच जेवले, पंचावन्नाव्या मिनिटाला गेली. चौथ्या दिवशी मास्तर, सेठ, विलास, मी, सगळे घड्याळाकडं बघत उभे. अठ्ठावन्न मिनिटं झाली आणि अंधार!

मी म्हणालो, "सेठ, दोन मिनिटांसाठी काय? बोट लावून बघितलंय मी. चहा आहे."

सेठ ऐकेना. "रूल मतलब रूल."

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. बिलाच्या मागं सुंदर अक्षरात लिहिलं, 'माझा मुलगा अठ्ठावन्न मिनिटांच्या वर खेळणार नाही याची हमी मी देतो.' खाली सही केली, कार्ड उचललं आणि घरी गेले!

*

मग सेठनं मुंबईहून बंदूक आणली. म्हणजे ताप मोजायची. दाबली की लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेत आकडा येतो. कशाला हात लावायला नको.

मी स्टुलावर बसलो होतो. मनात आलं, आपला कारखाना दुसऱ्यांदा बंद होतोय. घरी मी आणि बायको. म्हातारपणी दुसरं स्टूल कोण देणार?

सेठनं दिवसभर बंदूक सगळ्यांवर चालवली. समोशावर, विलासच्या कपाळावर, समोरच्या शिंप्याच्या इस्त्रीवर. संध्याकाळी चालू कार्डावर लावली. चकचकीत पट्ट्या होत्या त्या.

"बत्तीस! एकदम थंडा!"

मी बोट नेलं आणि मागं घेतलं. "सेठ, तवा आहे."

"काका, मशीन झूठ नहीं बोलती."

"मी पण नाही बोलत, सेठ."

सेठला राग आला. त्यानं बोट नाही, अख्खा पंजा त्या कार्डावर ठेवला!

पुढं जे सिंधीत झालं ते मला कळलं नाही. सेठचा हात पाण्याच्या माठात गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. आम्ही कुणी हसलो नाही. शेवटी माठातूनच म्हणाला, "गन सही है. कार्ड गलत है!"

विलासनं नंतर शोधून काढलं, चकचकीत धातूवर बंदूक फसते. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरला की बरोबर सांगते. पण सेठचं मन उडालं होतं. त्यानं बंदूक चामड्याच्या कव्हरात घातली, आपल्या खणात ठेवली, कुलूप लावलं. "कोई हाथ नहीं लगायेगा."

आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "मशीन का भरोसा नहीं. ये काका का हाथ लगा हुआ माल है."

माझं स्टूल वाचलं.

*

पण गंमत बघा. त्यानंतर वर्षभरात एका संध्याकाळी मी घरी पोचलो. बायको दारात उभी होती. माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "एक चप्पल कुणाला देऊन आलात?"

खाली बघितलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. आमच्या घरापर्यंत अर्धा रस्ता खडीचा, आणि मला कळलंच नव्हतं!

डॉक्टर म्हणाले, साखर आहे. आधी पाय बधिर होतात, मग बोटं. मी विचारलं, "मग म्हणजे कधी?" डॉक्टरांनी माझ्या बोटाला टाचणी लावली. "टोचतंय?"

"लावा की," मी म्हणालो.

त्यांनी लावलेलीच होती.

बायको म्हणाली, सेठला सांगा. मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. दुकानात माझं होतं काय? एक बोट होतं.

*

मग मी गालानं बघायला लागलो. बोट नुसतं दाखवायला टेकवायचं आणि ऐकल्यासारखं करून गाल जवळ न्यायचा. गालाला धग बरोबर कळायची.

एकदा एक नवरा-बायको बघत होते. बाई हळूच विलासला म्हणाली, "ते कार्डाची पापी का घेतायत?"

"काकांची पद्धत आहे," विलास म्हणाला. "एकदम मायेनं टेस्ट करतात."

बाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "शिका जरा!"

दुसऱ्या दिवसापासून मी बोट टेकवलं की विलास लांबूनच म्हणायचा, "चहाच असेल ना काका?" किंवा, "भात वाटतोय." आकडे त्याच्या पडद्यावर असायचेच. मी मान हलवायचो.

*

आता शेवटचा.

विलासला मुलगी झाली, तो सुट्टीवर होता. अल्बमवाला एक मोठा गिऱ्हाईक आला, एकदम सहा कार्डं घेणारा. सेठ खुशीत. वडा फिरतोय, तास झालेला. मी गाल नेणार, तेवढ्यात सेठनं माझा खांदा धरून मला सरळ केलं.

"देखो साईं, काका का हाथ देखो. काका, रखो उंगली."

गिऱ्हाईक वाकून बघायला लागला. मी बोट ठेवलं. काही लागलं नाही.

"चहा," मी म्हणालो.

"देखा? पक्का माल!" सेठ सुरू झाला. बॉयलरची गोष्ट, टोपणाची गोष्ट, माठाची गोष्ट, सगळं सांगितलं. मी तसाच बसलो. बोट तिथंच. बोट ठेवून गप्पा मारता आल्या तर चहा, हा माझाच नियम.

तेवढ्यात वड्याला देवी आल्या. आधी चार, मग अंगभर. मग पडदा काळा झाला.

गिऱ्हाइकानं कार्डाला हात लावला आणि किंचाळला. पंख्याची वायर सुटली होती, पंखा फिरतच नव्हता. मग तो आणि सेठ, दोघंही माझ्या बोटाकडं बघायला लागले. बोट अजून कार्डावरच होतं.

मी उचललं. टोकाची कातडी पांढरी झाली होती.

"चहा?" गिऱ्हाईक म्हणाला, आणि निघून गेला. सहा कार्डं तशीच राहिली.

सेठनं माझा हात धरून माठात घातला. मग रिक्षा बोलावून मला घरी पाठवलं. वाटेत बोटावर हा मोठा फोड आला. तो बघत मी बसलो होतो. दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ते बोट.

दुसऱ्या दिवशी बायकोनं डबा केला. मी म्हणालो, डबा नको, लगेच येतोय. दुकानातलं माझं सामान म्हणजे एक चष्मा आणि एक पंचा.

मी गेलो तेव्हा शटर अर्धंच वर होतं, सेठ आधीच आला होता. मी पंचा घडी करायला घेतला. पट्टी बांधलेल्या बोटानं घडी नीट पडेना. सेठनं खणाचं कुलूप काढलं, चामड्याचं कव्हर आणून माझ्या स्टुलावर ठेवलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी बंदूक बाहेर काढली. मागच्या काचेखाली एक कागद चिकटवलेला होता. सेठचं वाकडंतिकडं अक्षर, पण मला वाचता आलं.

'पचास तक चाय. सत्तर तक भात. ऊपर तवा.'

कागदावरच्या चिकटपट्टीच्या कडा धुळीनं काळ्या झाल्या होत्या. कालची नव्हती ती. बंदूक कुलपात गेली तेव्हाचीच असणार.

मी वर बघितलं. सेठनं माझ्या हातातला पंचा घेतला, खिळ्याला अडकवला आणि शटर पूर्ण वर करायला निघून गेला.