रातपाळीआधीचं ताट

वडील गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. उधन्यातल्या आमच्या यंत्रमाग कामगारांच्या खानावळीत नियम लागला तोही माझ्याच पत्रकामुळे: रातपाळीवाले आधी जेवतील, दिवसपाळीवाले नंतर. मधे कुणी घुसायचं नाही.

इन्सुलिनचं मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. ठेकेदाराला कळलं तर तो लूमवरून काढेल, ही भीती. आजार हा गुन्हा नाही, हे दुसऱ्यासाठी मी ठणकावून लिहिलं असतं. स्वतःसाठी न्हाणीघराची कडी लावायचो. मी दिवसपाळीचा. रातपाळीची पंगत उठायला आली की आत जाऊन पोटात सुई घ्यायची आणि लगेच जेवायला बसायचं, नाहीतर साखर उतरते.

एका संध्याकाळी सुई घेऊन बाहेर आलो, तर गॅस संपलेला. रातपाळीतले काहीजण अजून उपाशी आणि डब्यात मोजक्या पोळ्या. खानावळवाली मावशी त्या त्यांनाच वाढत होती. थोड्या वेळानं माझे तळहात भिजले, पाय थरथरू लागले. एक पोळी उचलली असती तर भागलं असतं. पण ती रात्रभर लूमपुढे उभं राहणाऱ्याची होती, आणि नियम माझा होता.

"काय नेते, भुकेनं रडू आलं का?" ताटावरून एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसायला गेलो आणि भिंत धरून खाली बसलो.

"काय व्हयनं रे भाऊ?" मावशी धावली.

"साखर द्या," मी कसंबसं म्हणालो. "इन्सुलिन घेतो मी."

तिनं माझ्या तोंडात साखर कोंबली. "मरानं शे का तुले? तोंड नव्हतं सांगायला?"

चेष्टा करणाऱ्यानं आपल्या ताटातली पोळी मोडून माझ्या हातात दिली. ठेकेदारापर्यंत पंगतीतल्या कुणीच काही जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट सगळ्यांच्या आधी. मी वाद घातला, पण कुणी ऐकलं नाही. आता सुई मी उघड्यावर घेतो आणि रिकाम्या खोलीत एकटा जेवतो. पंगत बसते तेव्हा माझे हात धुऊन झालेले असतात. दारात उभा राहून त्यांचं हसणं ऐकतो. कुणी विचारतं, "जेवलास ना?" मी मान हलवतो.

याविरुद्ध कसलं पत्रक काढायचं?